तुळशीमागची खूण

हिंदुराव लोहारांनी अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात एकदाच माफी मागितली होती, आणि तीही एका म्हशीची. त्यांची स्कूटर तिच्या शेपटीवरून गेली होती. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचा रिवाज ठरलेला होता. चूक दुसऱ्याची असली तर आळीभर सांगायची, आपली असली तर मिशीवरून हात फिरवून गप्प बसायचं.

कराडच्या लोहार आळीत त्यांची पत्र्याची शेड होती आणि दारावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'हलते देखावे'. गणपतीत ज्या पुतळ्यांच्या माना डोलतात, हात वर-खाली होतात, राक्षस गडगडून हसतात, ते पुतळे हलवणं हा हिंदुरावांचा चाळीस वर्षांचा धंदा. सामान साधंच असायचं. जुन्या ट्रकच्या वायपरची मोटर, सायकलची चेन आणि लोखंडाची एक वेडीवाकडी चकती. तिला ते कॅम म्हणत. मोटर चकतीला फिरवायची. चकतीचा फुगवटा आला की पुतळ्याचा हात वर, खोलगट भाग आला की हात खाली. सगळी करामत त्या चकतीला कानस कशी मारली यात होती. एक उंचवटा जास्त राहिला की पुतळ्याला धचका बसायचा आणि गदा मारणारा भीम माशा हाकलतोय असं दिसायचं. हिंदुरावांच्या भीमानं कधी माशा हाकलल्या नाहीत.

पण हे सगळं झालं जुनं. २०३९ सालापर्यंत बहुतेक मंडळांनी मोठमोठे पडदे लावले होते. हिंदुरावांचा उजवा खांदा आता कानस धरू देत नव्हता. पुतण्या शेडकडे डोळे लावून बसला होता, त्याला तिथं गाड्यांच्या बॅटऱ्या बदलायचं केंद्र काढायचं होतं. त्यातच पाण्याच्या टाकीजवळच्या गणपती मंडळाचं पन्नासावं वर्ष आलं. अध्यक्ष दीपक थोरवडे घरी येऊन म्हणाले, "तात्या, पडदा नको. तुमच्या हातचा हलता देखावा पायजे. गावाकडची सकाळ." हिंदुरावांनी खांद्याचं अवाक्षर न काढता हो म्हणून टाकलं, आणि मग चार दिवस त्यांना झोप लागली नाही.

पाचव्या दिवशी शीतल आली.

शीतल त्यांची एकुलती एक मुलगी. विसाव्या वर्षी पुण्याला गेली, एका स्टुडिओत लागली आणि सोळा वर्षं वेबपानांवरची चित्रं हलवत राहिली. दुकानाच्या पानावर उडी मारणारी पिशवी, शाळेच्या धड्यात टुणटुणणारा बेडूक, असली कामं. पुढं पानंच स्वतःची चित्रं स्वतः काढायला लागली आणि स्टुडिओला कुलूप लागलं. आता ती दारात उभी होती, पाठीला एक पिशवी आणि काखेत डब्याएवढं एक यंत्र.

हिंदुरावांना ती आल्याचा एवढा आनंद झाला की काय बोलावं ते सुचेना, आणि म्हणून जे बोलू नये ते बोलले. "सोळा वर्षांमागं याच उंबऱ्यावरनं गेलीस. आज याच उंबऱ्यावर हुबी. म्हंजी हललीस कुठं?"

शीतलचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती म्हणाली, "चहा ठेवू का, तात्या?"

चहा पिता पिता तिनं डबा उघडून दाखवला. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतल्या मित्रांबरोबर तिनं दोन वर्षं त्याच्यावर काम केलं होतं. "मासे धरायची नायलॉनची दोरी असते ना? तिला पीळ देत राहिलं की एका वेळेला ती स्वतःच गुंडाळी होते, स्प्रिंगसारखी. तिला जरा ऊब दिली की ती आखडते, गार झाली की सैल सुटते. आपले स्नायू करतात तेच. असे हजार दोरे पुतळ्याच्या कापडाखाली घातले आणि वीज सोडून कुठला दोरा किती तापवायचा ते ठरवलं, की पुतळा हलतो. मोटर नाही, चेन नाही, कॅम नाही."

"आणि कुठला किती तापवायचा हे ठरवणार कोण? तू? हजार दोरे?"

"तेच तर मी सोळा वर्षं करत होते." शीतल पुढं सरकली. "पिशवीची उडी काढायची तर आम्ही शंभर चित्रं काढत नव्हतो. पिशवी सुरुवातीला कुठं आहे ते एकदा दाखवायचं, शेवटी कुठं आहे ते एकदा दाखवायचं. या झाल्या दोन खुणा. मधली सगळी चित्रं कॉम्प्युटर भरतो. त्या मधल्या भरण्याला आम्ही ट्वीन म्हणायचो. डबा तेच करतो, फक्त पडद्यावर नाही, पुतळ्यावर. तुम्ही हातानं पुतळ्याला उभं करा, बटण दाबा. दुसऱ्या पोजमध्ये उभं करा, बटण दाबा. मधलं तो भरेल."

हिंदुरावांनी बशी खाली ठेवली. "आन् मधलं त्यानं भरायचं तर माणसानं काय करायचं?"

"मला इथं राहायचंय, तात्या. शेडमध्ये. तुमच्याबरोबर."

हिंदुरावांना गहिवरून आलं, म्हणून त्यांनी आवाज चढवला. "मग ऐक. टाकीचा देखावा तुझ्या डब्यावर. चालला तर शेडची किल्ली तुझी. न्हाई चालला तर शेड पुतण्याला आन् तू तुझी पुण्याला."

"चालेल," शीतल म्हणाली.

पहिला मान कोंबड्याला मिळाला. शीतलनं त्याची मान खाली वाकवून बटण दाबलं, मान वर करून बटण दाबलं आणि दोन सेकंद असं सांगितलं. कोंबड्यानं मान वर केली, पण अगदी एका वेगानं, सरळसोट.

"ह्यो कोंबडा हाय का लिफ्ट?" हिंदुराव खुशीत आले.

"थांबा की." तिनं डब्याच्या काचेवरची एक सरळ रेघ बोटानं वाकवली. सुरुवात हळू, मध्ये जोर, शेवट परत हळू. आता कोंबड्यानं मान अशी काही उचलली की शेजारच्या घरातला खराखुरा कोंबडा दोनदा आरवला. हिंदुरावांनी ती वाकवलेली रेघ नीट बघितली. त्यांच्या कॅमचा फुगवटाच होता तो, फक्त कानस न मारता आलेला. पण हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शीतल आंघोळीला गेलेली बघून त्यांनी स्वतःच डब्याला हात घातला. देखाव्याच्या मधोमध तुळशीवृंदावन होतं आणि एक म्हातारी त्याला प्रदक्षिणा घालणार होती. वृंदावनाभोवती गोल रूळ टाकला होता आणि म्हातारीच्या पायाखाली रुळावरून फिरणारी, डब्याच्याच हुकमातली लपवलेली छोटी गाडी. हिंदुरावांनी म्हातारीला तुळशीसमोर उभं करून बटण दाबलं. एक फेरी मारून ती परत तुळशीसमोरच येणार, म्हणून तिथंच परत बटण दाबलं. मग चालू केलं. म्हातारी ढिम्म हलेना. परत केलं, तरी ढिम्म.

"शीतल! तुझा डबा झोपला बघ!" त्यांच्या आवाजात नुसता आनंद होता.

ओले केस पुसत शीतल आली, काचेवर बघितलं आणि हसायला लागली. "तात्या, तुम्ही त्याला सांगितलंत की म्हातारी इथं आहे आणि शेवटी तिला इथंच यायचंय. त्याच्या मते ती आलेलीच आहे. कशाला हलेल?"

"आरं, पर मधी फेरी हाय की!"

"ती त्याला कुठं माहीत? त्याला दोन खुणांच्या मधला सगळ्यात जवळचा रस्ता तेवढा कळतो. बाकी आपण सांगावं लागतं." तिनं आणखी दोन खुणा घातल्या, एक वृंदावनाच्या या बगलेला, एक त्या बगलेला, दोन्ही जराशा मागच्या अंगाला. म्हातारी तुळस उजव्या हाताला ठेवून गोल फिरली आणि जागेवर आली. हिंदुराव मान हलवत बघत राहिले. शीतल केस पुसता पुसता म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

तो चेहरा हिंदुरावांनी स्वतः कागदाच्या लगद्यातून घडवला होता. कोण आहे असं विचारलं तर सांगायचे, "कोनबी म्हातारी." पण हनुवटीवर गोंदण होतं आणि डावी भुवई जरा वर चढलेली होती. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या त्यांच्या बायकोची, अनुसयाबाईंची भुवई तशीच होती. शीतलनं ओळखलं, हे हिंदुरावांनी ओळखलं, आणि दोघंही रुळाला तेल घालायला लागली.

बघता बघता श्रावण सरला. बापलेक रोज भांडत आणि रोज एक पुतळा जिवंत करत. बाजरी निवडणारी बाई झाली, आळस देणारा पैलवान झाला, भाता ओढणारा लोहार झाला. हिंदुराव आता पोज लावण्यात एवढे पटाईत झाले होते की शीतल म्हणायची, "पुण्यात असता तर आमच्या साहेबांनी तुम्हाला सोडलं नसतं." त्यावर ते मिशीवरून हात फिरवत. तेवढं वगळता घरात फारच बरं चाललं होतं.

चतुर्थीला दोन दिवस उरले. दुपारी चार वाजता मंडळाची मंडळी चाचणी बघायला येणार होती. शीतल रंग आणायला पेठेत गेली. वीज गेली होती, पण डब्याला स्वतःची बॅटरी असल्यामुळे खुणा घालता येत होत्या. हिंदुराव म्हातारीपुढं बसून होते. त्यांना काहीतरी खुपत होतं. फेरी छान होती, पण ती अनुसया नव्हती.

मग त्यांनी म्हातारीला हातानं ढकलत बरोब्बर तुळशीमागं नेलं. तिला जरा वाकवलं, उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि बटण दाबलं. मागं सरकून बघितलं. आता ती अनुसया होती.

फक्त आता खुणा पाच झाल्या. समोर, बगल, मागं, दुसरी बगल, समोर. चाळीस वर्षं कॅम घासलेल्या माणसाला पाच उंचवटे बघून खाज सुटली. जास्तीचा उंचवटा म्हणजे धचका. त्यांनी बगलेच्या दोन्ही खुणा पुसून टाकल्या, कानस मारल्यागत. समोर, मागं, समोर. झालं की! आणखी काय लागतं? चालवून बघायला वीज नव्हती, आणि त्यांना वाटलं, बघायचंय काय त्यात.

शीतल परतली तोवर चार वाजले, आणि वीज आली ती मंडळीबरोबरच. अध्यक्ष थोरवडे, आठ-दहा कार्यकर्ते आणि अध्यक्षांच्या आई हौसाक्का. हौसाक्कांना खुर्ची दिली. शीतलनं बटण दाबलं. कोंबड्यानं मान उचलली, पैलवानानं असा आळस दिला की दोन कार्यकर्ते जांभया द्यायला लागले. सगळे हसत होते. तेवढ्यात म्हातारी निघाली.

निघाली ती तुळस डाव्या हाताला ठेवून.

"अगं बाई!" हौसाक्का खुर्चीतून उठल्याच. "उलटी प्रदक्षिणा! देवाच्या मांडवात!"

शीतलनं झटकन बंद केलं. हिंदुरावांना त्या क्षणीच सगळं कळलं. समोरून बरोब्बर मागं जायचं तर दोन्ही बाजूंनी अंतर सारखंच. जवळचा रस्ताच नाही! कुठून जायचं हे सांगणाऱ्या दोन्ही खुणा त्यांनी स्वतःच्या हातानं पुसल्या होत्या. जन्मभर मोटर एकाच दिशेनं फिरलेली, दिशा सांगायची असते हे डोक्यातच नव्हतं. डब्यानं आपली एक बाजू धरली आणि ती नेमकी उलटी निघाली.

"हे असलं मांडवात दिसलं तर गाव तोंडात शेण घालंल," अध्यक्ष म्हणाले. "शीतलताई, तुमच्या डब्याचा भरवसा काय? उद्या पैलवान कोंबड्याला मिठी मारंल."

हिंदुरावांनी तोंड उघडलं, आणि सवयीनं हात मिशीवर गेला.

"चूक माझी आहे," शीतल म्हणाली. "खुणा लावताना गफलत झाली."

"आमी सकाळी बैठक घिऊन ठरवतो. पडदा भाड्यानं मिळतोय," असं म्हणून अध्यक्ष आईला घेऊन निघून गेले.

मंडळी गेल्यावर शीतल वायर गुंडाळायला लागली. हिंदुराव थोडा वेळ उगाच रुळावर फडका मारत राहिले. शेवटी राहवेना. "काय गफलत झाली म्हणालीस?"

"बगलेच्या दोन खुणा पुसल्या गेल्या. कुणाच्या तरी हातून."

"कुनाच्या तरी?"

"तीन वाजून दहा मिनिटांनी." शीतलनं वर न बघताच सांगितलं. "डब्यात सगळं लिहिलेलं राहतं, तात्या. बंद केल्या केल्या बघितलं मी. तेव्हा मी पेठेत होते."

हिंदुराव भात्यापाशी बसले. "मग बोलली का न्हाईस त्यांच्यापुढं?"

"तुमचा एकही देखावा चाळीस वर्षांत चुकला नाही असं लोक म्हणतात. माझं काय, मी नवीनच." तिनं वायर खाली ठेवली. "पण एक सांगा. तुळशीमागं ती खूण का घातलीत? गुडघ्यावर हात ठेवलेली?"

हिंदुरावांनी फडका खाली ठेवला. मग म्हणाले, "आपली भट्टी आदी अंगणात हुती, वृंदावनाच्या मागं. तुझी आई रोज सकाळी फेरी मारायची. समोरनं बघनाऱ्याला ती ताठ दिसायची. पर मागं आली, वृंदावनाच्या आड, की थांबायची. गुडघा धरायची. दोन श्वास घ्यायची. पुढं गेली की परत ताठ. तिला वाटायचं कुनाला दिसत न्हाई. मला दिसायचं."

"मग?"

"मग काय? कधी इचारलंच न्हाई मी. पंचवीस वर्षं बघितलं आन् एकदाबी इचारलं न्हाई, दुखतंय का म्हनून."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना त्या दिवशी सुचलं नाही. शीतल उठून त्यांच्याजवळ बसली. दोघं शेडमध्ये दिवेलागणीपर्यंत तशीच बसून राहिली.

सकाळी टाकीखाली बैठक भरली. पडद्याचा विषय निघायच्या आत हिंदुराव धुतलेल्या सदऱ्यात हजर झाले. लोकांनी जागा करून दिली, पण ते बसले नाहीत. "मला एक सांगायचंय. म्हातारी उलटी फिरली, ती चूक माझी हाय."

हिंदुराव लोहार चूक कबूल करतायत, हे पचवायला मंडळाला वेळ लागत होता. हौसाक्कांनी कानामागं हात धरला. "काय म्हनलास, हिंदू? मोठ्यानं बोल. मला कमी ऐकू येतं."

"माझी चूक हाय म्हनलं!"

"कुनाची?"

"माझी! माझी, आक्का! पोरीनं बरोबर केलतं, मी शाना व्हायला गेलो!" हे रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्यानंही ऐकलं. हौसाक्का समाधानानं मागं टेकल्या. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, असं त्या पुढं कित्येक वर्षं सांगत असत.

मग हिंदुरावांनी खडूनं फरशीवर गोल काढून सगळं समजावलं. दोन खुणांच्या मधला जवळचा रस्ता, बरोब्बर अर्ध्यावर होणारी पंचाईत, सगळं. अध्यक्षांनी शेवटी एकच विचारलं, "म्हंजी आता सरळ फिरंल?"

"न्हाई फिरली तर मी स्वतः लुगडं नेसून फिरतो," हिंदुराव म्हणाले. पडदा रद्द झाला. एकदोघा कार्यकर्त्यांना मात्र म्हातारी न फिरलेली चालली असती.

घरी येऊन बापलेकींनी पाच खुणा परत लावल्या. "पाच म्हंजी धचका बसनार," हिंदुराव कुरकुरले. शीतलनं काचेवरची रेघ वाकवली. तुळशीमागं येताना वेग हळूहळू कमी, दोन श्वासांचा थांबा, मग हलकेच पुढं. धचका नव्हता. हिंदुरावांनी तीन फेऱ्या बघितल्या आणि प्रथमच मोठ्यानं म्हणाले, "झ्याक!"

चतुर्थीच्या संध्याकाळी टाकीजवळ पाय ठेवायला जागा नव्हती. समोर उभ्या असलेल्यांना ताठ म्हातारी दिसत होती, तुळस उजव्या हाताला ठेवून फेरी घालणारी. पोरं कोंबड्यापुढून हलत नव्हती. हौसाक्कांचा मात्र विश्वास नव्हता. फेरी मागच्या बाजूनंही सरळच आहे ना, हे तपासायला त्या काठी टेकत मांडवामागं आल्या आणि कनातीच्या फटीतून बघायला लागल्या. म्हातारी मागं आली, थांबली, तिनं गुडघा धरला.

हौसाक्कांचा हात आपसूक स्वतःच्या गुडघ्यावर गेला. "माझाबी दुखतो गं बाई," त्या पुतळ्याला म्हणाल्या. मग तिथंच उभ्या असलेल्या हिंदुरावांकडे वळून बघितलं, पदरानं नाक पुसलं आणि निघून गेल्या.

मांडवामागं आता दोघंच उरली. पेटीवर डबा ठेवला होता आणि शेजारी शीतल लक्ष ठेवून बसली होती. हिंदुरावांनी खिशातून शेडची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. शीतलनं मूठ मिटली.

"त्या दिवशी उंबऱ्यावर मी बोललो," हिंदुराव म्हणाले, "ते तुझ्या डब्यावानी बोललो. हितनं गेली, हितंच आली, म्हंजी हलली न्हाई. मधली फेरी मी बघितलीच न्हाई. माफ कर."

"तात्या, माफी? माझी?" शीतलला हसू आणि रडू एकदमच आलं. "म्हशीनंतर माझाच नंबर!"

"व्हय. म्हशीनं केलं हुतं माफ."

शीतल हसत होती. समोर आरतीची तयारी चालली होती, झांजा कुणीतरी उगाच वाजवून बघत होतं. म्हातारी परत मागं आली, दोन श्वास थांबली आणि पुढं गेली. हिंदुरावांनी दुसरी पेटी ओढून शीतलच्या शेजारी घेतली आणि पेटीवर ऐसपैस बसले.

"सोळा वर्षं पुन्यात हुतीस," ते म्हणाले. "तिथं गुडघा कुठं कुठं धरलास, ते सांग. मी बसलोय."

शीतलनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. ते खरंच बसले होते. मग तिनं डबा बाजूला सरकवला आणि पहिल्या वर्षापासून सांगायला सुरुवात केली.